आईंना मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले, म्हणजे त्यांचे दुखणे मनाचे ठरवले का? मणक्याची शस्त्रक्रिया, मन आणि समाधान

तुमच्या अठ्ठावन्न वर्षांच्या आईंच्या कंबरेत एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला आहे आणि मज्जारज्जूच्या नसा जिथून जातात ती नलिका अरुंद झाली आहे. दहा मिनिटे चालले की पाय भरून येतात आणि बसले की आराम पडतो. सर्जननी शस्त्रक्रिया सुचवली, पण तारीख देण्याआधी मानसशास्त्रज्ञाला भेटून यायला सांगितले. त्यावर आई दुखावल्या आणि "माझं दुखणं मनाचं आहे असं यांना वाटतं का?" असे त्यांनी तुम्हाला विचारले. तुमच्या काकांवर अशीच शस्त्रक्रिया झाली होती. एक्स-रे उत्तम आहे, स्क्रू जागच्या जागी आहेत, तरी ते आजही "उगाच केलं" म्हणतात. मनाचा आणि शस्त्रक्रियेनंतरच्या समाधानाचा नेमका संबंध काय, आणि या भेटीत काही निघाले तर शस्त्रक्रिया नाकारली जाईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ आहे आणि बरीच वर्षे मणक्याच्या सर्जनांबरोबर शस्त्रक्रियेआधीचे मूल्यमापन करत आले आहे. आईंच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नाही, त्यांचे दुखणे खोटे आहे किंवा काल्पनिक आहे असे कोणीही म्हटलेले नाही. चालताना पाय भरून येणे आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटणे ही अरुंद झालेल्या नलिकेची ठरलेली लक्षणे आहेत. या भेटीत दुखणे खरे की खोटे हे तपासले जात नाही, आणि तसे तपासणारी कोणतीही विश्वासार्ह चाचणी अस्तित्वात नाही. शस्त्रक्रियेने आईंच्या दुखण्याचा कोणता भाग कमी होईल, कोणता राहील, आणि जो राहील त्याच्याशी त्या कशा वागतील याचा अंदाज घेण्यासाठी ही भेट असते.

वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची जी व्याख्या १९७९ मध्ये स्वीकारली आणि २०२० मध्ये सुधारली, तिच्यात वेदना हा संवेदनांचा आणि भावनांचाही अप्रिय अनुभव आहे असे स्पष्ट म्हटले आहे. ही व्याख्या सगळ्याच वेदनांना लागू आहे, अगदी मोडलेल्या हाडाच्या वेदनेलाही. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये असे मांडले की नसांकडून येणारे संदेश मज्जारज्जूतच कमी-जास्त होऊन पुढे जातात आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश त्यांवर परिणाम करतात. त्यांच्या सिद्धांताच्या तपशिलात पुढे बरेच बदल झाले, पण हे मूळ सूत्र टिकले. भीती, झोपेचा अभाव, दीर्घकाळची काळजी आणि उदासी यांमुळे वेदनेचे संदेश दाबण्याची शरीराची क्षमता घटते. वेदना महिनोन्‌महिने चालू राहिली की मज्जासंस्था स्वतःच अधिक संवेदनशील होते आणि पूर्वी न दुखणारा स्पर्श किंवा हालचालही दुखू लागते. अशा वेळी सर्जनने नसेवरचा दाब पूर्ण काढला, तरी ही वाढलेली संवेदनशीलता त्याच दिवशी उतरत नाही. काकांच्या एक्स-रेत आणि त्यांच्या म्हणण्यात जे अंतर दिसते, त्याचे एक कारण हे असू शकते.

त्यातच एमआरआयवर आपण सगळेच गरजेपेक्षा जास्त विसंबतो, आणि यात डॉक्टरही आले. कोणतेही दुखणे नसलेल्या माणसांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, ज्यात ३३ अभ्यास आणि ३,११० व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. मणक्यांमधील चकत्यांची झीज वीस वर्षांच्या, काहीच न दुखणाऱ्या लोकांपैकी ३७ टक्क्यांमध्ये आणि ऐंशी वर्षांच्यांपैकी ९६ टक्क्यांमध्ये आढळली. म्हणजे "गादी सरकली आहे", "मणक्यात गॅप आला आहे", "हाडं झिजली आहेत" ही वाक्ये अहवालावरून बरोबर असली, तरी त्यावरून समोरच्या माणसाला किती दुखते हे सांगता येत नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत लक्षणे आणि चित्र जुळते, आणि ही जमेची बाजू आहे. पण चित्र कितीही स्पष्ट असले, तरी शस्त्रक्रियेनंतर त्या किती चालतील आणि किती समाधानी असतील हे केवळ चित्रावरून ठरत नाही.

याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. स्वित्झर्लंडमध्ये कंबरेच्या चकतीची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासगट लहान होता, पण प्रश्न चांगला विचारला होता. नसेवर दाब किती होता याचा संबंध वेदना कमी होण्याशी दिसला, आणि ते अपेक्षितच होते. मात्र माणूस कामावर परतेल की नाही याचा अंदाज एमआरआयवरून किंवा शारीरिक तपासणीवरून बांधता आला नाही. तो बांधता आला नैराश्यावरून आणि कामाच्या ठिकाणच्या मानसिक ताणावरून. वेदना आणि आयुष्य पूर्ववत होणे या दोन गोष्टींचे रस्ते काही अंतर एकत्र जातात आणि मग वेगळे होतात. माझ्या कामाचा बहुतेक भाग त्या वेगळ्या झालेल्या रस्त्यावरचा आहे.

मूल्यमापनात आम्ही काय पाहतो, ते आता सांगते. प्रश्नावल्या असतात, पण त्या दुय्यम आहेत. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली सर्रास वापरतात, तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक आले की पुढे नीट चौकशी करायची असते. मणक्याच्या रुग्णांच्या बाबतीत ती जपून वाचावी लागते, कारण झोप न लागणे, थकवा आणि हालचाल मंदावणे हे तिच्यातले प्रश्न नुसत्या वेदनेनेही भरून निघतात. ज्याला रात्री कूस बदलताना कळ येते त्याला झोप लागत नाही, याचा अर्थ तो उदास आहेच असा होत नाही. म्हणून मी आकड्यापेक्षा दोन गोष्टींकडे जास्त लक्ष देते: पूर्वी ज्यात मन रमत असे त्यात आता रमते का, आणि आपण घरच्यांवर ओझे झालो आहोत असे वाटते का. दुसऱ्या प्रश्नाला मान खाली घालून आलेले उत्तर कोणत्याही गुणांपेक्षा मला अधिक सांगते.

नैराश्याबद्दल एक गैरसमज डॉक्टरांमध्येही आढळतो. शस्त्रक्रियेआधी उदास असलेल्या रुग्णांचे निकाल सरासरीने कमी चांगले येतात आणि त्यांचे समाधानही कमी असते, हे अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसले आहे. अरुंद नलिकेच्या शस्त्रक्रियेवर फिनलंडमध्ये झालेल्या कामात तर शस्त्रक्रियेआधीच्या नैराश्याइतकेच पहिल्या काही महिन्यांत टिकून राहिलेले नैराश्यही महत्त्वाचे ठरले. पण यावरून "उदास रुग्णावर शस्त्रक्रिया करू नये" असा अर्थ काढणे चूक आहे. अशा रुग्णांनाही शस्त्रक्रियेचा फायदा होतो. ते अधिक वाईट अवस्थेतून सुरुवात करतात, म्हणून शेवटीही थोडे मागे राहतात. शिवाय अनेकांची उदासी वेदनेतूनच आलेली असते आणि पाय दुखायचे थांबले की ती आपोआप हलकी होते. वेदना सुरू होण्याच्या आधीपासून असलेले नैराश्य आणि वेदनेमागून आलेले नैराश्य यांतला फरक काढायला निवांत बसून बोलावे लागते, कागदावरच्या खुणांनी तो निघत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेदनेबद्दलचे टोकाचे भयावह विचार. ही वेदना कधीच थांबणार नाही, आपल्या हातात काहीच उरलेले नाही, काहीतरी भयंकर होणार आहे, असे विचार मनात सारखे फिरत राहणे. यासाठी १९९५ मध्ये तयार झालेली तेरा विधानांची एक मोजपट्टी आहे, जिचे गुण ० ते ५२ असतात. माझ्या अनुभवात शस्त्रक्रियेनंतरच्या असमाधानाचा इशारा नैराश्यापेक्षाही या विचारांमधून लवकर मिळतो. तिसरी गोष्ट त्यालाच जोडलेली आहे, ती म्हणजे हालचालीची भीती. व्लाएन आणि लिंटन यांनी २००० मध्ये ही साखळी नीट मांडली: दुखले की भीती, भीतीमुळे हालचाल टाळणे, टाळल्यामुळे स्नायू आणि उमेद दोन्ही ढासळणे, आणि त्यामुळे थोड्याशा हालचालीनेही अधिक दुखणे.

ही साखळी प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका शिक्षिकेच्या पायातली कळ शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी गेली आणि त्या आनंदाने चालू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात एकदा खाली पडलेला चष्मा उचलताना कंबरेत चमक आली आणि रात्री पोटरीत मुंग्या आल्या. दाबातून मोकळी झालेली नस पूर्वपदावर येताना अशा मुंग्या अनेकांना येतात, पण हे त्यांना आधी कोणी सांगितले नव्हते. स्क्रू सैल झाला, अशी त्यांची खात्री झाली. एक्स-रे काढला, तो चांगला होता. तरी डॉक्टर काहीतरी लपवत आहेत असे त्यांना वाटले. त्यांनी चालणे बंद केले, घरच्यांनी प्रेमाने त्यांना पलंगावरून उतरू देणे बंद केले, आणि तीन महिन्यांनी त्या शस्त्रक्रियेआधी जेवढे चालत होत्या तेवढेही चालू शकत नव्हत्या. त्यांच्या मणक्यात काहीही बिघडले नव्हते. तिथून त्यांना परत आणायला ठरवून, मोजून रोज थोडे थोडे वाढवत नेलेले चालणे लागले, आणि प्रत्येक नव्या टप्प्याआधी "आता काय होईल असं वाटतं?" हे विचारून, नंतर प्रत्यक्ष काय झाले ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे लागले. मुंग्यांविषयीचे एक वाक्य आधी सांगितले गेले असते, तर यातले बरेच टळले असते, असे माझे ठाम मत आहे.

आता समाधानाकडे येते, कारण तुमच्या काकांचे कोडे तिथे आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर समाधान मोजण्यासाठी नॉर्थ अमेरिकन स्पाइन सोसायटीचा एक साधा प्रश्न खूप वापरला जातो, ज्याला चार उत्तरे आहेत. शस्त्रक्रियेने माझ्या अपेक्षा पूर्ण झाल्या, हे पहिले. आशा होती तेवढी सुधारणा झाली नाही, पण एवढ्याच फायद्यासाठी मी पुन्हा ती करून घेईन, हे दुसरे. फायदा झाला, पण एवढ्यासाठी पुन्हा करून घेणार नाही, हे तिसरे. आणि पूर्वीइतकेच किंवा पूर्वीपेक्षा जास्त दुखते, हे चौथे. या उत्तरांकडे नीट पाहा. पहिल्या तिन्हींमध्ये फायदा झालेला आहे. एकाला दुसऱ्यापासून वेगळे करणारी गोष्ट अपेक्षा आहे, आणि त्या फायद्यासाठी मोजलेली किंमत योग्य वाटली की नाही ही आहे. तुमचे काका बहुधा तिसरे उत्तर देतील. त्यांना फायदा झालेलाच नाही असे म्हणणे आणि त्यांना जे हवे होते ते मिळाले नाही असे म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्याकडे एकदा शांतपणे चौकशी करा: शस्त्रक्रियेआधी ते किती चालू शकत होते आणि आता किती चालतात? अनेकदा माणसाला आपली आधीची अवस्था नीट आठवत नाही, आणि जे दुखणे गेले त्यापेक्षा जे उरले आहे तेच त्याला रोज भेटते.

नसांवरचा दाब काढणाऱ्या शस्त्रक्रियेचा सर्वांत भरवशाचा फायदा पायाच्या दुखण्यात आणि चालण्याच्या अंतरात दिसतो. कंबरेचे दुखणे तितक्या भरवशाने जात नाही. बधीरपणा आणि पायातली कमजोरी सावकाश सुधारते आणि कधीकधी पूर्ण सुधारत नाही, कारण इजा झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनेच वाढते. हे सर्जनला इतके पाठ असते की ते वेगळे सांगायचे राहून जाते. उलट रुग्णाच्या मनात "ऑपरेशन म्हणजे दुखणं संपलं" एवढीच नोंद असते. सर्जन म्हणतात, "पायांचा त्रास कमी होईल". रुग्ण ऐकतो, "त्रास कमी होईल". या दोन वाक्यांमधल्या एका शब्दावरून मी कितीतरी असमाधानी माणसे पाहिली आहेत.

म्हणून माझ्या मुलाखतीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा असतो: शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झाले आहेत असे समजा, तर त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही काय काय करत असाल? पहिले उत्तर बहुतेक वेळा "पूर्वीसारखं सगळं" असे येते. तिथे थांबायचे नसते. पूर्वीसारखे म्हणजे कधीसारखे, गेल्या वर्षीसारखे की वीस वर्षांपूर्वीसारखे? एका गृहस्थांनी बऱ्याच वेळाने सांगितले की त्यांना नातवाला जमिनीवरून उचलून खांद्यावर घ्यायचे आहे. सर्जनच्या मनात मात्र ते अर्धा तास न थांबता चालतील एवढेच उद्दिष्ट होते. दोन्ही माणसे "बरे होण्या"बद्दल बोलत होती आणि दोघांना एकमेकांचे पटले आहे असे वाटत होते. मी ते वाक्य जसेच्या तसे सर्जनला कळवले, त्यांनी गृहस्थांना पुन्हा बोलावून काय शक्य आहे आणि काय नाही ते सांगितले, आणि गृहस्थांनी विचार करून तरीही शस्त्रक्रिया करून घेतली. नंतर ते नातवाला बसून मांडीवर घेत असत आणि रोज चालायला जात असत. शस्त्रक्रिया तीच होती. आधी बोलणे झाले नसते, तर तेही आज काकांच्याच रांगेत उभे असते.

इथे एक सावधगिरी हवी. अपेक्षा खाली आणायच्या म्हणून रुग्णाची आशा मोडायची नसते. बरे होण्याची आशा असलेली माणसे व्यायाम नेटाने करतात, औषधे वेळेवर घेतात आणि सरासरीने अधिक चांगली सुधारतात. अपेक्षांवरच्या अभ्यासांत दिसते ते असे की केवळ अपेक्षा मोठी असण्यापेक्षा ती पूर्ण झाली की नाही याचा समाधानाशी अधिक घट्ट संबंध आहे. म्हणून आशा राहू द्यावी आणि तिला नेमके रूप द्यावे: किती अंतर, कोणते काम, कोणत्या महिन्यापर्यंत. "बघू, काय होतं ते" असे बोलून स्वतःला सुरक्षित ठेवणारा डॉक्टर रुग्णाचे भले करत नाही.

समाधानाच्या आकड्याबद्दल माझे आणखी एक म्हणणे आहे, आणि ते रुग्णालये चालवणाऱ्यांनीही वाचावे असे मला वाटते. समाधान म्हणजे शस्त्रक्रियेच्या गुणवत्तेचे माप नव्हे. वेदना आणि कार्यक्षमता चांगली सुधारूनही असमाधानी असलेले रुग्ण आहेत, तसेच फारशी सुधारणा न होताही "डॉक्टर फार चांगले आहेत" म्हणणारे रुग्ण आहेत. मानसिक त्रासात असलेला माणूस साध्या बाह्यरुग्ण भेटीलाही कमी गुण देतो. तेव्हा केवळ समाधानाच्या आकड्यांवरून सर्जनची तुलना केली, तर अवघड, उदास आणि दीर्घकाळ दुखत असलेल्या रुग्णांना हात न लावणारा सर्जन सर्वांत चांगला ठरेल, आणि ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना दार बंद होईल. समाधान जरूर विचारावे, कारण रुग्णाला काय वाटते हे स्वतःच महत्त्वाचे आहे, पण त्याच्या शेजारी वेदना, चालण्याचे अंतर आणि दैनंदिन कामे यांची वेगळी नोंद असायलाच हवी.

आता तुमची दुसरी शंका: या भेटीतून शस्त्रक्रिया नाकारली जाईल का? बहुतेक वेळा नाही. मूल्यमापनानंतर मी साधारणपणे तीनपैकी एक शिफारस करते: शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे व्हावी, शस्त्रक्रिया व्हावी, पण सोबत किंवा आधी काही आठवडे अमुक उपचार सुरू व्हावेत, किंवा सध्या थांबावे आणि आधी दुसरा प्रश्न हाताळावा. तिसरी शिफारस तीव्र आणि उपचार न झालेले नैराश्य, आत्महत्येचे विचार, किंवा वेदनाशामकांचे आणि दारूचे व्यसन अशा प्रसंगी येते, आणि तीही सहसा "आत्ता नको" एवढीच असते. शिवाय निर्णय शेवटी सर्जनचा आणि रुग्णाचा असतो, माझा नसतो.

आईंना जी भीती वाटते तिला इतिहासात आधार आहे, हे मात्र मी मान्य करते. गॉर्डन वॉडेल या स्कॉटिश सर्जनने १९८० मध्ये कंबरदुखीच्या तपासणीत शारीरिक कारणाने न उलगडणाऱ्या काही खुणांचे वर्णन केले. अशा रुग्णांकडे अधिक व्यापक दृष्टीने पाहावे, हा त्यांचा उद्देश होता. पण पुढे अनेक ठिकाणी, विशेषतः नुकसानभरपाईच्या दाव्यांत, या खुणा रुग्णाला ढोंगी ठरवण्यासाठी वापरल्या गेल्या, आणि शेवटी १९९८ मध्ये वॉडेल आणि त्यांचे मानसशास्त्रज्ञ सहकारी मेन यांना असा अर्थ काढू नका असे लिहावे लागले. म्हणून कोणी आईंना "हे सगळं टेन्शनमुळे आहे" असे म्हणून परत पाठवले, तर तुम्ही जरूर दुसरे मत घ्या. तुमच्या सर्जननी तसे केलेले नाही. त्यांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि तिच्या तयारीचा भाग म्हणून ही भेट सांगितली आहे.

या तयारीचा उपयोग किती होतो, हेही प्रामाणिकपणे सांगते. डेन्मार्कमध्ये कंबरेचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९० रुग्णांवर एक तुलनात्मक चाचणी झाली, जी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला शस्त्रक्रियेआधीपासून विचार आणि वागणूक यांवर आधारित उपचार दिले गेले. वर्षाअखेर दोन्ही गटांतील कार्यक्षमता सारखीच होती, पण पहिल्या तीन महिन्यांत उपचार घेतलेला गट लवकर सावरला. दुसऱ्या एका चाचणीत, जी २०१४ ची आहे, नसेवरील दाबाची शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णांना वेदना मज्जासंस्थेत कशी निर्माण होते हे शस्त्रक्रियेआधी समजावून सांगितले. वर्षभरात त्यांची वेदना दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली नाही, पण शस्त्रक्रियेचा एकूण अनुभव त्यांना अधिक चांगला वाटला आणि त्यांचा पुढील वैद्यकीय खर्च ४५ टक्क्यांनी कमी झाला. मला हा निकाल अतिशय महत्त्वाचा वाटतो. वेदना तेवढीच असूनही तिचा अर्थ कळल्यामुळे माणसे कमी घाबरली आणि डॉक्टरकडे कमी वेळा धावली. चमत्काराचे आश्वासन मी देणार नाही, पण पहिले तीन महिने सुकर होणे ही रुग्णाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

काही परिस्थितींत यातल्या कशाचीही वाट पाहायची नसते. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधीरपणा येणे, किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाले तर मानसशास्त्रज्ञाची भेट रद्द करून तातडीने रुग्णालय गाठा. मानेच्या मणक्यात मज्जारज्जूवर दाब येऊन हात अडखळत असतील आणि तोल जात असेल, तर तिथेही मूल्यमापनासाठी शस्त्रक्रिया लांबवणे योग्य नाही.

घरात तुमचा स्वतःचा वाटा आहे, तोही सांगते. "वाकू नकोस", "उचलू नकोस", "तू बस, मी करतो" ही वाक्ये प्रेमाची असली, तरी दिवसभर कानावर पडली की त्यांतून आपला मणका काचेचा आहे असा संदेश जातो. सर्जननी पहिल्या काही आठवड्यांसाठी जी बंधने लेखी दिली असतील तेवढीच पाळा, त्यात घरची भर घालू नका. आई कण्हल्या की धावून जाण्याऐवजी त्या चालून आल्या की त्यांच्याशी गप्पा मारायला बसा. आणि काकांची गोष्ट त्यांच्यासमोर रोज काढू नका. काढायचीच असेल, तर काकांना नेमके काय मिळाले आणि काय मिळाले नाही ते पूर्ण सांगा.

भेटीला येण्यापूर्वी आईंना एवढेच सांगा की सर्जनने त्यांच्या पाठीचा फोटो पाहिला आहे आणि आता कोणीतरी त्यांचे म्हणणे ऐकणार आहे. मुलाखतीला तास-सव्वा तास लागतो, आणि त्यांना मध्ये उठून उभे राहावेसे वाटले तर त्यांनी संकोच करू नये. तुम्ही सोबत या, पण काही वेळ मी त्यांच्याशी एकटीने बोलेन, कारण मुलांसमोर आई-वडील आपली भीती सहसा बोलून दाखवत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर ज्या तीन गोष्टी त्यांना पुन्हा करायच्या आहेत त्या त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून घ्या आणि त्या कागदाची एक प्रत सर्जनलाही दाखवा. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आणा. वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या सांगायला लाजू नका, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचे नियोजन त्यांवर अवलंबून असते. आणि नैराश्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर "ऑपरेशन आहे म्हणून" त्या परस्पर बंद करू नका. त्या कधी आणि कशा कमी करायच्या हे भूलतज्ज्ञ आणि औषध देणारे डॉक्टर मिळून ठरवतील.